जुना टर्बो घ्यायचाय? आधी पहिला कशाने गेला ते शोधा

(ताज्या भागाचं हे लिखित रूप. जिथे अडखळलो ती वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज जरा वेगळा विषय घेऊ. दिवसभर मी पुण्यात कोड लिहितो, पण माझं गाव हिमायतनगर, नांदेड जिल्हा. गावाकडच्या मित्रांचा कोडपेक्षा गाडीवरच जास्त फोन येतो. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न चार-पाच जणांनी विचारला: "भाऊ, डिझेल स्विफ्टचा टर्बो गेलाय. नवीन महाग पडतोय. जुना टाकू का? आणि टाकायचाच तर मोठा टाकू का?"

छोटं उत्तर हे: जुना टर्बो घेता येतो. मी घेतला, तो अजून चालतोय. पण तो घेऊन मी बाबांना आणि स्वतःला भर रस्त्यात जवळपास संपवलं होतं, आणि त्यात टर्बोची चूक काहीच नव्हती. म्हणून मोठं उत्तर पण ऐका.

टर्बो नेमकं करतो काय

ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं सांभाळून घ्या.

इंजिनातून जळालेला धूर बाहेर पडतो तेव्हा तो गरम असतो, जोरात असतो. तो वाया जाण्याऐवजी एका पंख्यावर सोडायचा. त्या पंख्याच्या दांड्याच्या, म्हणजे शाफ्टच्या, दुसऱ्या टोकाला आणखी एक पंखा. तो बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलतो. झाला टर्बो. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी नावाच्या इंजिनिअरने १९०५मध्ये याचं पेटंट घेतलं. आधी जहाजांच्या आणि मोठ्या इंजिनांवर तो स्थिरावला, कारखान्यातून विकायच्या मोटारींवर यायला १९६२ उजाडलं.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. डिझेल इंजिनात ताकद येते ती डिझेलमधून. हवा फक्त ते डिझेल पूर्ण जळावं म्हणून. त्यामुळे नुसता मोठा टर्बो लावून गाडी पळत नाही. डिझेल तेवढंच, हवा जास्त, तर फरक थोडाच. उलट कंप्युटरमध्ये डिझेल वाढवलं आणि हवा तेवढीच ठेवली, तर मागून काळा धूर. दोन्हींचा हिशेब जुळवून कंप्युटर पुन्हा लिहितात, त्यालाच आपल्याकडे रिमॅप म्हणतात.

दुसरी गोष्ट वेगाची. डिझेल गाडीचं इंजिन मिनिटाला साडेचार-पाच हजार फेऱ्यांच्या वर जात नाही. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतो. एका बाजूला सातशे अंशांच्या पुढे गेलेला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मधे बोटाएवढा शाफ्ट. बहुतेक गाड्यांच्या टर्बोत बॉल बेअरिंगही नसतं, साधे बुश असतात. शाफ्ट त्या बुशला टेकत नाही, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर काही सेकंद जरी तुटला, तरी लोखंडाला लोखंड लागतं आणि खेळ संपतो.

म्हणून मी म्हणतो, टर्बोचा आजार बहुतेक वेळा टर्बोत नसतो. घाण ऑइल, कमी ऑइल, धूळ, आत गेलेला एखादा खडा किंवा नट, नाहीतर झेपत नाही एवढा दाब. या पाचांपैकी कोणीतरी त्याला मारतं. आणि मारणारा गाडीतच बसलेला असतो.

माझा पहिला कसा गेला

माझी स्विफ्ट २०१३ची, १.३ लिटर डिझेल, ७५ पीएस. हे इंजिन मुळात फियाट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून बनवलेलं, युरोपात २००३ साली आलं. आपल्याकडे स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, पुंटो, लिनिया, व्हिस्टा, मांझा, सगळ्यांत तेच. रांजणगावच्या फियाट-टाटाच्या कारखान्यातही ते बनायचं. इतक्या गाड्यांत होतं की लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ लागू झालं, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या आणि या इंजिनाचा जमाना संपला. पण रस्त्यावर त्या गाड्या खूप आहेत, आणि भंगारात त्याहून जास्त. म्हणून जुन्या टर्बोचा बाजार याच इंजिनाभोवती जोरात चालतो.

मी गाडी सेकंडहँड घेतली आणि पहिल्या पगारवाढीच्या जोशात रिमॅप करून टाकलं. वर कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून उघडा, शंकूसारखा फिल्टर लावला. आवाज भारी येतो म्हणून. बाकी काही नाही.

पुण्यात ते खपून गेलं. पण सणासुदीला मी गावी येतो. आपल्याकडच्या शेतातल्या रस्त्यांचा फुफाटा तुम्हाला माहीत आहे. काळ्या मातीची ती धूळ पिठासारखी असते, कपड्यातूनही आत जाते. उघड्या फिल्टरमधून ती किती आत जात असेल, हा विचार मी केलाच नाही. त्यात ऑइल बदलायचं मी "पुढच्या महिन्यात" म्हणत दोनदा पुढे ढकललं होतं.

एक दिवस टर्बोने शिट्टी वाजवायला सुरुवात केली. आधी बारीक, मग अँब्युलन्ससारखी. ओढ गेली, धूर वाढला. एअर पाइप काढून बघितलं तर आतल्या पंख्याच्या पात्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या.

आता बघा, माझ्यासारख्या माणसाने इथे काय करायला हवं होतं? ऑफिसात सर्व्हर पडला तर आम्ही आधी लॉग वाचतो, पडला का ते शोधतो, मग पुन्हा चालू करतो. गाडीच्या बाबतीत मी सरळ नवीन सर्व्हर शोधायला निघालो. बग तसाच.

बाजारात "चालू गाडीचा आहे" म्हणजे काय

पुण्यात जुन्या पार्टची दुकानं आहेत, मुंबईत कुर्ल्याला आहेत, आपल्या भागातले लोक हैदराबादलाही जातात. सगळीकडे एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "चालू गाडीचा आहे, भाऊ."

आता शांतपणे विचार करा. चालू गाडीतून टर्बो कोण काढेल? बहुतेक वेळा खरं उत्तर तीनांपैकी एक असतं. एक, गाडीचा ॲक्सिडेंट झाला आणि ती खोलली गेली. असा टर्बो सगळ्यात बरा, कारण तो स्वतः आजारी नव्हता. दोन, इंजिन बसलं म्हणून गाडी भंगारात आली. हा सगळ्यात वाईट. इंजिन ऑइलअभावी बसलं असेल तर टर्बोनेही तीच तहान सोसलेली असते. तीन, टर्बोच खराब होता, मालकाने नवीन टाकला, आणि जुना धुऊन-पुसून तुमच्यासमोर आलाय.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. "गाडी कशी आली?" असं विचारा. खोललेल्या गाडीचे फोटो आहेत का, इंजिन अजून दुकानात आहे का, असेल तर त्याची डिपस्टिक काढून ऑइल बघू द्या म्हणा. आणि बिल घ्या. साध्या कागदावर का होईना, पार्ट नंबर लिहिलेलं बिल. चोरीच्या गाडीचे पार्टही याच वाटेने फिरतात, ते आपल्या गळ्यात नको.

मला तिथे मोठा टर्बो घ्यायचा मोह झाला होता, ते पण सांगतो. याच १.३ इंजिनाचं ९० पीएसवालं रूप एर्टिगा, लिनियात यायचं. त्याच्या टर्बोत धुराच्या बाजूला हलणारी पाती असतात. वेग कमी असला की पाती वाट अरुंद करतात, वेग वाढला की उघडतात. त्यामुळे ओढ लवकर मिळते. मी विचारलं, "हा माझ्या गाडीला बसतो का?" दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, "बसतो म्हणजे, बोल्टला बसवता येईल. तुमच्या कंप्युटरला कोण समजावणार?"

बरोबर बोलला तो. साध्या टर्बोत दाब वाढला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि जादा धूर पंख्याला टाळून निघून जातो. हलत्या पात्यांच्या टर्बोला मात्र क्षणोक्षणी सांगावं लागतं, आता किती उघडायचं. त्यासाठी वेगळी वायरिंग, व्हॅक्युमचे पाइप, वेगळं मॅपिंग. ते नसेल तर एकतर गाडी ओढणार नाही, नाहीतर दाब हाताबाहेर जाईल. "बसतो" आणि "चालतो" हे दोन वेगळे शब्द आहेत, एवढं ध्यानात ठेवा. मी माझ्याच नंबरचा टर्बो घेतला. नव्याच्या साधारण एक तृतीयांश किमतीत पडला.

हातात घेऊन काय बघायचं

हा भाग लिहून घ्या. सोबत मोबाइलचा टॉर्च आणि एक जुनं फडकं घेऊन जा.

पहिलं, धुतलेला टर्बो शक्यतो नको. ऐकायला उलटं वाटेल, पण मळकट टर्बो खरं बोलतो. रॉकेलने धुऊन वर चंदेरी रंग मारला की ऑइल कुठून गळत होतं ते कळायचा मार्गच बंद होतो.

दुसरं, नंबर. हवेच्या बाजूला छोटी पट्टी असते, तिच्यावरचा पार्ट नंबर तुमच्या जुन्या टर्बोशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. बाहेरून सारखे दिसणारे टर्बो आतून वेगळे असतात. पट्टी गायब असेल किंवा घासलेली असेल तर पुढे चला.

तिसरं, पाती. हवेच्या बाजूच्या पात्यांच्या कडा सरळ, धारदार हव्यात. कडा झिजून गोल झालेल्या म्हणजे धूळ खाल्लीय. खाच पडलेली म्हणजे काहीतरी आत गेलं होतं. धुराच्या बाजूलाही टॉर्च मारा. तिकडचं एखादं पातं तुटलेलं असेल तर विषय तिथेच संपला.

चौथं, शाफ्टचा प्ले. इथेच सगळे फसतात. शाफ्ट आडवा हलवला तर थोडा हलणारच, कारण तो ऑइलवर तरंगायला बनलाय आणि आत्ता आत ऑइल नाही. "जरा पण हलत नाही, बघा" असं कोणी दाखवत असेल, तर आत जुनं ऑइल जळून घट्ट झालंय का ते आधी बघा. खरी परीक्षा अशी: शाफ्ट बोटाने एका बाजूला दाबून धरा आणि फिरवा. पातं आतल्या भिंतीला घासतंय का? चारही बाजूंना दाबून बघा. एकदा जरी घासलं तर नको. मग शाफ्ट आत-बाहेर ढकला. ही हालचाल बोटाला जेमतेम जाणवावी. टक्‌ टक्‌ असा स्पष्ट आवाज आला तर आतला थ्रस्ट बेअरिंग गेलाय.

पाचवं, ऑइलची भोकं. वरून ऑइल आत येतं ते भोक बारीक असतं, खालून परत जातं ते मोठं. खालच्या भोकातून टॉर्च मारला की शाफ्टचा थोडा भाग दिसतो. त्यावर निळी झाक असेल तर तो कधीतरी ऑइलविना तापलाय. कडेला कोळशासारखा थर असेल तर मालक गाडी पळवून लगेच बंद करणारा होता.

सहावं, ऑइलचे डाग. हवेच्या बाजूला हलका तेलकटपणा चालतो, कारण इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून थोडी वाफ तिकडे येतेच. पण धुराच्या बाजूला ओलं ऑइल दिसलं तर नाही म्हणा.

सातवं, बीडाची चीर. आत बारीक चिरा बऱ्याच जुन्या टर्बोंना असतात. पण चीर बाहेरपर्यंत आलेली किंवा बोल्टच्या भोकापर्यंत गेलेली नको.

आणि कोणी म्हणालं की "कोर नवीन टाकलाय", तर एकच विचारा: बॅलन्स कुठे केला? लाख-दोन लाख फेऱ्यांवर केसाएवढा असमतोलही टर्बो फोडतो. कोर तयार झाल्यावर तो मशीनवर फिरवून बॅलन्स करावा लागतो. ज्याच्याकडे त्याची पावती नाही, त्याचा कोर नवीन असून उपयोग नाही.

माझा टर्बो या सगळ्या परीक्षांत पास झाला. खरंच पास झाला. आणि तरी पुढचं घडलं.

भाऊबीज

टर्बो डिकीत टाकून, अर्धमेली गाडी हळूहळू चालवत मी दिवाळीला गावी आलो. पुण्यात मजुरी द्यायची नव्हती. मी आणि मावसभाऊ, दोघांनी अंगणात दोन दिवस लावून टर्बो बसवला. व्हिडिओ बघून. गाडी चालू झाली, शिट्टी गेली, ओढ आली. गावात परमेश्वर मंदिराच्या बाजूने दोन चकरा मारल्या, मस्त.

भाऊबीजेला बाबांना घेऊन भोकरला निघालो, आत्याकडे. रस्त्यात कापूस भरलेला ट्रॅक्टर होता. त्याला ओलांडायला मी ॲक्सिलरेटर दाबला, पुढे गेलो, पाय काढला. इंजिनाचा आवाज कमी झाला नाही. वाढतच गेला. आरशात निळसर पांढरा धूर, इतका की मागचा ट्रॅक्टर दिसेना. मी घाबरून क्लच दाबला, तर ओझं सुटल्यावर ते आणखी किंचाळायला लागलं. कशीबशी गाडी कडेला लावली, न्यूट्रल केली, चावी फिरवून बाहेर काढली.

इंजिन चालूच.

चावी माझ्या हातात होती आणि इंजिन पूर्ण ताकदीने ओरडत होतं. माझं डोकं बंद पडलं. बाबा ओरडले, "पाचवा टाक! ब्रेक दाब न्‌ क्लच सोड!" मी क्लच दाबला, पाचवा टाकला, दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, ब्रेक पूर्ण दाबला आणि क्लच सोडून दिला. गाडीने एक जोराचा हिसका दिला आणि इंजिन बंद पडलं.

नंतरची शांतता मला अजून आठवते. गरम लोखंडाचा टिक टिक आवाज आणि जळक्या ऑइलचा वास. ट्रॅक्टरवाला उतरून पाण्याची बाटली घेऊन आला. बाबांनी आत्याला फोन लावला, "उशीर होईल, ताट तसंच झाकून ठेव."

मी विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत? ते म्हणाले, "चावी काढली तरी चालूच हाय म्हणल्यावर ते डिझेलवर चालू नाही ना रे. ऑइलवर चालू हाय." त्यांच्या तरुणपणी विहिरीवरचं डिझेल इंजिन एकदा असंच सुटलं होतं. आजोबांनी हवा ओढायच्या तोंडावर लाकडी फळी दाबून ते बंद केलं.

बीटेकला मी हे शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही असेल. पेट्रोल गाडीत आपण हवा कमी-जास्त करतो. डिझेल गाडीत हवा मोकळी असते, आपण डिझेल कमी-जास्त करतो. त्यामुळे हवेच्या वाटेने दुसरं काही जळणारं आत गेलं, तर डिझेल बंद करून काही होत नाही. टर्बोतून इंजिनाचंच ऑइल हवेच्या पाइपात गेलं की इंजिन तेच पिऊन पळत सुटतं, आणि ऑइल संपेपर्यंत किंवा स्वतः फुटेपर्यंत थांबत नाही. काही नव्या गाड्यांत हवा बंद करणारी झडप असते, पण तिच्या भरवशावर राहू नका.

तुमच्यावर ही वेळ आली तर: मॅन्युअल गाडी असेल तर वरचा गिअर, पूर्ण ब्रेक, क्लच सोडा. दोनदा प्रयत्न करूनही थांबलं नाही, किंवा ऑटोमॅटिक गाडी असेल, तर सगळ्यांना उतरवा आणि लांब जा. बॉनेट उघडून इंजिनावर वाकायला जाऊ नका, हात किंवा फडकं तर हवेच्या तोंडाजवळ अजिबात नेऊ नका.

गुन्हेगार कोण निघाला

त्याच संध्याकाळी मी पुण्याच्या दुकानदाराला फोन करून नको ते बोललो. खराब माल दिला, आमचा जीव गेला असता, वगैरे. तो एवढंच म्हणाला, "टर्बो काढा. कोणत्याही जाणत्या मिस्त्रीसमोर खोला. सील गेलं असेल तर पैसे परत."

गावातल्या गॅरेजच्या चाचांकडे गाडी ओढून नेली. त्यांनी टर्बो काढला, शाफ्ट हलवला, मान डोलावली. मग खालचा ऑइलचा रिटर्न पाइप काढला, त्यात बोट घातलं आणि माझ्याकडे बघितलं. "इसमें हलवा कौन भरा, बेटा?"

मी भरला होता. पाइपच्या गॅस्केटवर, गळू नये म्हणून, ट्यूबमधलं सिलिकॉन लावलं होतं. सढळ हाताने. बोल्ट आवळल्यावर जादा सिलिकॉन आतल्या बाजूला दबलं, वाळलं आणि निम्म्याहून जास्त वाट बंद झाली.

आता हे का महत्त्वाचं? टर्बोच्या सीलची आपली कल्पना चुकीची असते. बहुतेक टर्बोंत गच्च धरणारं रबरी सील नसतंच. पिस्टनच्या रिंगसारख्या बारीक धातूच्या रिंगा असतात. त्या ऑइल अडवतात ते एका अटीवर: खालून ऑइल विनाअडथळा, आपल्या वजनाने, चेंबरमध्ये पडत राहिलं पाहिजे. खालची वाट तुंबली की मोरी तुंबल्यासारखं होतं. पाणी वर चढतं आणि मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. टर्बो अगदी ठणठणीत असला तरी. गावातल्या चकरांत थोडं थोडं ऑइल हवेच्या पाइपात साचत गेलं. रस्त्यावर जोर दिला तेव्हा ते एकदम आत ओढलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला पुन्हा फोन केला आणि चूक माझी होती म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "चला, टर्बो तर ठीक निघाला ना." मला लाज वाटली, ती वाटायलाच हवी होती.

बसवताना काय करायचं

माझ्या चुकीतून निघालेली यादी. टर्बोच्या किमतीइतकेच पैसे या कामांसाठी बाजूला ठेवा. तेवढे नसतील तर टर्बो आत्ता घेऊ नका.

ऑइल आणि ऑइल फिल्टर नवीन, ग्रेड मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. वरून ऑइल आणणारा बारीक पाइप नवीनच टाका, जुन्यात कोळसा साचलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. रिटर्न पाइप आतून साफ, कुठेही दुमडलेला नको. ऑइलच्या कोणत्याही जोडावर सिलिकॉन नाही, कोरं गॅस्केट लावा. इंटरकूलर आणि हवेचे सगळे पाइप काढून आतलं जुनं ऑइल आणि तुटलेल्या पात्यांचे कण काढा, नाहीतर नवा टर्बो चांगला असूनही ते सगळं इंजिनात जाईल. इंजिनाची श्वासाची नळी मोकळी आहे का बघा. गाडी चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून धूर भसाभसा येत असेल तर इंजिनच झिजलंय, आणि तो दाब ऑइलला टर्बोतून खाली पडू देणार नाही. अशा इंजिनावर कोणताही टर्बो वाया जाणार.

शेवटी, चालू करण्याआधी टर्बोच्या वरच्या भोकात स्वच्छ ऑइल ओता, शाफ्ट हाताने फिरवा, आणि डिझेल बंद ठेवून काही सेकंद नुसता स्टार्टर मारा, म्हणजे ऑइल पोचेल. मग चालू करून काही मिनिटं आयडलवर ठेवा, रेस करू नका. पुढे रोजची सवय: लांबून पळवून आलात की बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट आयडल.

कायद्याचं काय

त्याच नंबरचा टर्बो बदलणं ही दुरुस्ती झाली. मोठा टर्बो टाकून इंजिनच बदलून टाकणं वेगळं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा बदल मालकाने करायचा नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडापेक्षा विम्याचा विचार करा. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस बॉनेट उघडतो तेव्हा त्याला कारणच हवं असतं.

मग घ्यावा का?

घ्या, पण या क्रमाने. आधी जुना कशाने गेला ते लिहून काढा. मग ते कारण दुरुस्त करा. मग बाजारात जा. क्रम उलटा केलात तर दुसरा टर्बोही पहिल्याच्याच वाटेने जाईल, आणि तुम्ही दुकानदाराला शिव्या देत बसाल.

माझ्या गाडीत तोच जुना टर्बो आहे. चाचांनी साफ करून परत बसवला, इंजिन सुदैवाने वाचलं. रिमॅप काढून कंपनीचं मॅप परत टाकलं. उघडा फिल्टर गेला, डबा परत आला. आवाज आता साधाच येतो. बाबा शेजारी बसले की मधेच मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकतात, काही बोलत नाहीत. मी पण ऐकतो.

तुमच्या गाडीचा टर्बो कशाने गेला ते नक्की कळवा, कारणासकट. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत डिपस्टिक काढून बघा, आजच.